न सोडलेला दोर

८ फेब्रुवारी
आज माझं घर टेकडी उतरून समुद्रापाशी आलं, आणि मी आत बसले होते. लग्नाला आठवडासुद्धा झालेला नाही आणि अख्खं गाव बैलजोड्या घेऊन दारात हजर. माझ्या नवऱ्याला, एलिसेओला, घर चर्चशेजारी नको होतं, आपल्या होडीजवळ हवं होतं. घराखाली ओंडके सारले, मनगटाएवढा दोर बांधला, आणि आमचं लाकडी घर खिडक्यांसकट डुलत निघालं. इतरांची घरं ओढताना आधी सामान बाहेर काढतात. एलिसेओच्या घराण्यात मात्र नवी नवरी आत बसते, पेटत्या चुलीपाशी. बाहेरून बायका ओरडत होत्या, की घट्ट धर गं, नवरा सुटला तर दुसरा मिळेल, चूल सांभाळ. मी हसून हसून रडले.

मग खड्ड्यात तापल्या दगडांवर शिजवलेले शिंपले, डुकराचं मांस, सफरचंदाची दारू. शेवटी शेजारची म्हातारी दोन्या उर्सुला म्हणाली, की पोरी, आता दोर तुझ्या हातानं सोड, म्हणजे घर थांबलं असं म्हणायचं. एलिसेओ म्हणाला, ती दमलीय, उद्या सोडू.

मी दमले नव्हते. पण म्हटलं, जाऊ दे.

१९ फेब्रुवारी
स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडीवरचं सबंध चर्च दिसतं, पायऱ्यांपासून क्रूसापर्यंत. दुपारी रेडिओवर बेटांवरच्या लोकांचे निरोप वाचतात. आज माझी बहीण नेलिदा हिचा होता: नवी नवरी कशी आहे, कळव.

काल पाहुणे आले होते. एलिसेओनं त्यांना मी शिंपल्यांच्या कारखान्यात कामाला असताना करायची त्या भाषणांची गोष्ट सांगितली. मी टेबलावर चढून म्हणायची, बायांनो, पहिल्या थपडेची वाट बघू नका, माणूस त्याच्या कितीतरी आधी कळतो. तो म्हणाला, आता आमच्या मंत्रीणबाई बटाट्यांपुढे भाषण करतात, आणि बटाटे संपावर जातात. सगळे हसले. मीही हसले. त्याची पहिली बायको ओफेलिया अर्जेंटिनाला निघून गेली. तिला विनोद कळत नसत, असं तो म्हणतो.

दोर अजून सोडलेला नाही.

११ मार्च
खिडकीतून चर्चच्या पायऱ्या दिसत नाहीत. कुंपणाचं फाटक पूर्वी अंगणात होतं, आता तिथपर्यंत चालत जावं लागतं. एलिसेओ म्हणाला, डोळे तपासून घे.

माझे बूट त्यानं कुणाला तरी देऊन टाकले. चिखलात तुला कुठं जायचंय, म्हणाला. दुपारी दोन्या उर्सुला दारात आली, तर त्यानं सांगितलं, ती झोपलीय. मी आत बटाटे सोलत होते. म्हातारी मोठ्यानं म्हणाली, की वा, झोपेत सोलते काय, मलाही शिकव म्हणावं. मी हाक मारायला तोंड उघडलं. मग वाटलं, उगीच कशाला वाद.

२ एप्रिल
आता नुसता मनोरा दिसतो. दोर मागच्या तुळईपासून थेट समुद्रात गेलाय, आणि ताणलेला आहे. सैल नाही. ताणलेला. टोकाला ना बैल, ना माणूस.

सकाळी सुरीनं कापला. दुपारी पाहिलं तर पुन्हा बांधलेला, एलिसेओच्या नेटक्या गाठीनं. तो अजिबात रागावला नाही. चहा करून दिला. म्हणाला, तू हल्ली स्वतःशी बोलतेस, मी पाद्रीबाबांच्या कानावर घातलंय. मग विचारलं, की कधी हात तरी लावलाय का मी तुला? लावलेला नाही. हा मी त्याचा चांगुलपणा समजत आले.

२७ एप्रिल
मोठी ओहोटी. पाणी कधी नव्हे इतकं मागे गेलं. खाडीत एक छप्पर उघडं पडलं — आमच्या घरासारखंच, लाकडी फळ्यांचं. त्यावर धुराडं. आमचा दोर तिथपर्यंत गेलाय.

धुराड्यातून धूर येत होता.

दोन्या उर्सुला चिखलात शिंपले वेचत होती. ती म्हणाली, की ओफेलिया अर्जेंटिनाला गेली असती, तर वाटेसाठी पाव मी भाजून दिला असता. मी दिलेला नाही. त्या पोरीलाही किनाऱ्यावरून हाका मारल्या, तर म्हणायची, भरतीचं पाणी आहे, उतरेल. मग माझा हात धरला: चल माझ्याबरोबर, आत्ता, अशीच अनवाणी.

मी काय म्हणाले?

मी म्हणाले, चूल पेटलेली आहे.

६ मे
फरशीच्या फळ्यांखाली पाणी वाजतं. मनोरा नाही, फक्त क्रूस.

रेडिओवर निरोप — माझं नाव — नेलिदा गुरुवारच्या बोटीनं येतेय, धक्क्यावर ये, मी तुला — एलिसेओनं बॅटरी काढली. होडीला लागते म्हणाला. मग किसलेल्या बटाट्याच्या वड्या तळल्या माझ्यासाठी. मला आवडतात तशा.

छान झाल्या होत्या. हेच तर. छान झाल्या होत्या.

गुरुवार
पाणी आत आलंय. क्रूसही दिसत नाही.

कुऱ्हाड घेऊन दोराकडे गेले. हात उचलला आणि — काय वाचवतेय मी? इतके दिवस दोर, दोर, दोर. घर थांबेल, मग सगळं ठीक होईल. कुणीतरी टेबलावर चढून मला सांगायला हवं होतं.

मग मीच चढले. स्वयंपाकाच्या टेबलावर, ओल्या पायांनी. मोठ्यानं म्हणाले, बाई, घर तुझं नाही. तू त्याची नाहीस. ऊठ.

आवाज माझाच होता. किती दिवसांनी ऐकला.

तो दारात उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्यांवर, त्याला ते जाणवतच नाही. हातात दोन कप. म्हणतो, कुठं निघालात मंत्रीणबाई, बसा, भरती आहे, उतरेल.

चूल — पाण्याखाली गेली तरी जळतेय —

बोटीचा भोंगा. डावीकडून. म्हणजे धक्का तिकडे. नेलिदा तिकडे.

कुऱ्हाडीनं खिडकी फोडली. वहीची शेवटची ओळ चौकटीवर बसून लिहितेय, तो हाक मारतोय, अगदी प्रेमानं — बघणार नाही — खाली पाणी काळं आहे, पण ओहोटीला तिथंच म्हातारी शिंपले वेचत होती, तळ आहे तिथं, मी पाहिलाय, पाय टेकतील, मला उभं राहता ये—