मोठ्या बरणीतली वाईन

पप्पा, यंदा डोंगरीच्या घरी मी वाईन घातली नाही. मार्चमध्ये भाईंदरच्या बाजारात काळी द्राक्षं आणि ती तुमची वासाची मस्कत, दोन्ही हातात घेतली आणि परत ठेवली. दमलेय हो. दिवसभर शाळेत पोरं हाकायची आणि घरी येऊन तुमचं नाव राखायचं, किती वर्षं करणार?

खरं तर तुमची वाईन तुमच्या मातीच्या दिवशीच संपली. मागच्या खोलीतली मोठी बरणी तुम्ही कधी रिकामी होऊ दिली नाहीत. नवी वाईन फसफसत असते, तुम्ही तिला कान लावून ऐकताय, आवाज मंदावला की ब्रँडी ओतताय, म्हणजे गोडी टिकते. मग मोठ्या बरणीतून जेवढी जुनी काढायची, तेवढीच नवी भरायची, हा आजोबांपासूनचा नेम. मी एकदा उगाच झाकण उघडलं तर केवढे ओरडलात, "बंद कर गो, वारा लागंल तिला!" आणि मातीला पालीपासून घोडबंदरपर्यंतची माणसं आली, तेव्हा आईनं तीच बरणी उघडली. मी आडवी गेले. ती म्हणाली, "त्याच्या दारातून मानसं सुकी जातील? ठेवून काय करू, तो काय प्यायला येनार हाय?" संध्याकाळी तळ दिसला. मी तिच्यावर रागावले नाही, तिचंही बरोबरच होतं.

तेव्हापासून दरवर्षी मी तुमच्यासारखीच घालत आले, कानसुद्धा लावत आले. नाताळात लोक घोट घेतात, "बरी हाय" म्हणतात आणि गप्प होतात. त्या गप्प होण्याचा मला फार कंटाळा आलाय.

परवा माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं. घरची वाईन नाही म्हणून सांगायचं कोणत्या तोंडानं? दुकानातून गोड पोर्ट वाईनच्या बाटल्या आणल्या, स्वयंपाकघराचं दार लावून मोठ्या बरणीत ओतल्या आणि बरणी मांडवात पाठवली. काकांनी घोट घेतला. मग डोळे पुसत म्हणाले, "आज लागली माझ्या भावाच्या हातची. शिकलीस गो पोरी!" मांडवभर तेच. हसावं की रडावं, कळेना. इतक्या वर्षांच्या मेहनतीवर दुकानदारानं पाणी फिरवलं.

या पत्राला पत्ता नाही, ते कपाटातच राहील. म्हणून सांगून टाकते. पंगती उठल्यावर तळाशी उरलेली मीही घेतली. बाटल्या माझ्याच हातांनी ओतल्या होत्या, पप्पा, तरी मला ती तुमचीच लागली.