पानावरची सिगरेट

हाटकेश, मीरा रोड
२८ ऑगस्ट २००५

चि. रसिकास मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझे दत्तारामकाका जाऊन वर्ष उलटलं. माझा नीरज कॉल सेंटरच्या रात्रपाळीला रुळलाय. खरी बातमी वेगळीच. चेणे गावच्या सुभाषभावोजींनी पंधरा ऑगस्टपासून सिगरेट सोडली! धाकट्या भावाला, तुझ्या काकांना, सोळाव्या वर्षी ओढायला शिकवली, दवाखान्यातही उशीखाली पाकीट सरकवलं, आणि आता हा माणूस सोवळा. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा भावोजींनीच पेटती सिगरेट ठेवली. कावळा लगेच शिवला, आणि सगळे म्हणाले की दत्तारामचा जीव हिच्यातच अडकला होता. बायकोत नाही, लेकात नाही, सिगरेटीत! ते मी विसरलेली नाही.

सोडल्यापासून भावोजी चिडतात, मध्येच रडतात म्हणे. तू मेंदूचंच शिकतेयस, असं का होतं ते नीट कळव.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझी मृणालिनीमावशी

पुणे
५ सप्टेंबर २००५

ती. मावशीस रसिकाचा सा. न. वि. वि.

सुभाषकाकांची चौकशी, तीही तुझ्याकडून! मला आधी खरंच वाटेना.

मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य असतं, बरं वाटतं ते त्याच्यामुळे. त्याचं काम झालं की मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम ते मोडून टाकतं, पंगत उठली की पत्रावळी उचलणाऱ्या माणसासारखं. सिगरेटच्या धुरात निकोटिनशिवाय अशी काही रसायनं असतात जी या एन्झाइमलाच दडपतात. मग पंगत लांबते. ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये हे एन्झाइम बरंच कमी दिसलंय. सिगरेट सोडली की ते हळूहळू पुन्हा कामाला लागतं, निकोटिनही बंद झालेलं असतं, म्हणून माणूस उदास होतो, चिडतो. सगळं अजून उलगडलेलं नाही. पण या दिवसांत एक झुरकाही घात करू शकतो, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा काकांना सांभाळून घे. तुझ्या रागावर मात्र आमच्या लॅबमध्ये औषध नाही हं!

डोक्यावर मायेचा हात असाच असू दे.
तुझी रसिका

हाटकेश
१६ सप्टेंबर २००५

चि. रसिकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र देवासारखं धावून आलं. एक झुरका पुरतो, एवढंच मला हवं होतं.

पुढच्या शनिवारी यांचा म्हाळ. पानात खीर, वडे आणि यांच्या आवडीची सिगरेट ठेवायची. ती पेटवायचा मान घरातल्या थोरल्याचा, आणि झुरका ओढल्याशिवाय सिगरेट धड पेटत नाही हे मलाही ठाऊक आहे. चार नातेवाइकांसमोर भावोजींना नाही म्हणता यायचं नाही. माझ्या माणसाला जे लावलं ते त्यांनाही जन्मभर सुटू नये. मला पापाची भीती घालू नकोस, आणि तुझ्या आईला यातलं काही कळवू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मावशी

हाटकेश
२५ सप्टेंबर २००५

चि. रसिकास आशीर्वाद.

काल म्हाळ झाला. गच्चीवर पान मांडलं आणि सगळ्यांदेखत मी सिगरेट भावोजींपुढे धरली. ते दोन पावलं मागे सरले. म्हणाले की मृणाल, दुसरं काहीही सांग, हे नको, मोठ्या मुश्किलीने टिकून राहिलोय. मी म्हटलं, भावाला उपाशी ठेवणार का? माझ्या जिवाला थंडावा वाटत होता, खोटं कशाला सांगू. शेवटी त्यांनी हात पुढे केला.

तेवढ्यात नीरज मध्ये आला. काकांना त्रास नको, मी पेटवतो म्हणाला. वारा सुटला होता. त्याने पाठ फिरवली, ओंजळीचा आडोसा केला, एका काडीत पेटवली आणि धूर नाकातून सोडला. नवशिक्याला ठसका लागला असता. त्याला लागला नाही.

भावोजींनी सिगरेट त्याच्याकडून घेतली, विझवली आणि त्याला जवळ ओढलं. रात्रपाळीत जागं राहायला म्हणून बरेच महिने ओढतोय, असं त्याने त्यांनाच सांगितलं, मला नाही.

मला सूड कुणावर उगवायचा होता आणि उगवला कुणावर! राग गेलेला नाही. भावोजींचं तोंड दिसलं की अजून पेटतेच. पण आमच्या घराण्यात सिगरेट सोडलेला माणूस तेवढा एकच आहे. उद्या नीरजला घेऊन चेण्याला जातेय, त्यांच्या पाया पडायला.

मला परकी करू नकोस.
तुझी मावशी