डावं फूल

कागल, रविवार

आत्ती,

दोन्हीकडं नंबर लागला की गं! पुणं आणि कोल्हापूर, दोन्हीकडं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग!

मला पुणंच पायजे. पण आबा म्हणाले, कौल लावू. तुझ्या येळंला कॉलेज की लग्न, असा लावलता तसाच.

आईनं देवाच्या अंगावर ओली फुलं चिकटवली. उजवं पुण्याचं, डावं कोल्हापूरचं. आधी पडंल तो हुकूम. उजवं टपकन पडलं! आबांनी हात जोडले, मी देवळातच उडी मारली.

वाटेत आई हळूच म्हणाली, "डाव्याला चिकट काकवी लावलती. आत्तीच्या येळंला मी नवी सून हुते, मन धजलं न्हाय."

हे पत्र धाडत न्हाय. कुणाच्या हाती लागून आबांना कळलं तर कौल परत लावतील.

तुझ्या वाटणीचंबी शिकणारी,
वर्षाराणी