सुरो महिन्यातला मांडव

२ जून
सुरो महिन्यात मांडव अर्ध्या भाड्यात मिळतो, खुर्च्या मिळतात, फुलं मिळतात. मग त्या महिन्यात गावात एकही लग्न का होत नाही? याचं उत्तर मला देता येत नाही. म्हाताऱ्यांनाही येत नसावं. विचारलं की "नसतं करायचं" एवढंच म्हणतात. मॅनेजमेंटच्या चार वर्षांत असं कारण कुठल्याच पुस्तकात आलं नव्हतं.

संकल्प : पैसे कमी म्हणून कुठल्याही मुलीचं लग्न केविलवाणं होऊ द्यायचं नाही.

कमी पैशांत लग्नं उभी करून द्यायचा माझा व्यवसाय आजपासून सुरू. पहिली नवरी लास्त्री. शाळेपासूनची मैत्रीण, मोज्यांच्या कारखान्यात कामाला. तिचा होणारा नवरा यूधा दहा जुलैला जहाजावर नोकरीला जातोय, दोन वर्षांसाठी. त्याआधी लग्न व्हायला हवं. हा सुरोच्या आधीचा बेसार महिना, सगळा गाव बोहल्यावर चढलाय, भाव दुप्पट. सतराला सुरो लागतो. तारीख ठरवली : पाच जुलै. लास्त्रीला धाकधूक आहे. पण म्हणाली, "तू पदवीवाली. तू म्हणतेस तर असेल बरोबर." ऊर भरून आला.

४ जून, सकाळी
मांडववाले पाक हार्जो यांच्याकडे गेले. पाच जुलै ऐकून त्यांच्या तोंडातली लवंगी सिगारेट खाली पडली. शांतपणे सांगितलं की मी महिना, वार, वारांची जुळणी यातलं काहीच मानत नाही. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग अर्ध्याहूनही कमी भाडं सांगितलं! बुकिंगच्या वहीत माझं नाव, वडिलांचं नाव, जन्मवार आणि बाजाराच्या पाच वारांपैकी माझा कोणता, तेही लिहून घेतलं. शुक्रवार, पाहिंग. स्वयंपाक येतो का, हेही विचारलं. इतका तपशीलवार फॉर्म शहरातही पाहिला नव्हता. धंदा करावा तर असा.

७ जून
लास्त्रीच्या आजीसाठी प्रेझेंटेशन केलं. बारा स्लाइड. तिसऱ्या स्लाइडला आजींनी डोळे मिटले. मूक संमती धरली. शेवटी डोळे न उघडताच म्हणाल्या, "सुरोत लग्न केलेली बाई मी एकच पाहिली. तिचं काय झालं ते सांगणार नाही." आणि खरंच सांगितलं नाही. पुरावा नाही, म्हणजे मुद्दा बाद.

८ जून
किरकोळ अडचण. नवरीच्या कपाळावर काळी पाएस, म्हणजे पानांची नक्षी, रेखणाऱ्या बू कार्सिह सुरोत रंगाला हात लावायला तयार नाहीत. म्हणाल्या, "सुरोत लग्नं राजवाड्यातल्यांनी करायची, पोरी. तू कुठली राजकन्या गं?"

उपाय : पाएस स्वतः शिकणे. आधी भोपळ्यावर सराव केला. उत्तम जमली. भोपळ्याला भुवया नसतात, एवढा फरक पुढे लक्षात घ्यायला हवा. मग आईच्या कपाळावर. मधलं पान जरा डावीकडे गेलं आणि आता पुसलं जात नाही. आई तशीच बाजारात दाण्याच्या चटणीतली पेचेल भाजी विकायला बसली. म्हणाली, आज गिऱ्हाइकं जास्त होती. म्हणजे मागणी आहे.

१० जून
शेजारणी तांदूळ, साखर, शेवया आणून देऊ लागल्या. दुपारपर्यंत अकरा पिशव्या. ही मदत लग्नघरी द्यायची असते, तेव्हा लास्त्रीकडे जायला हवी. पण माझ्या कामाचा मान म्हणून आमच्याकडे येत असावी. आई प्रत्येकीला चहा देते, माझ्याकडे बघते आणि डोळे पुसते. उशिरा का होईना, माझा व्यवसाय तिला पटला.

११ जून
नाही पटला.

सकाळी पाक हार्जोंची बायको केळ्यांचे दोन घड आणि बाटिकचं कापड घेऊन आली. मागे मुलगा, सेनो. बाई एका दमात म्हणाल्या, "आमचा सेनो वागे वाराचा. नऊ ठिकाणी वार आडवा आला. तू तर पाहिंग! वागे-पाहिंग जोडी म्हणजे सगळ्यात वाईट, नुसतं ऐकून लोक पळतात. पण तू काहीच मानत नाहीस म्हणे. देवानंच पाठवलीस गं बाई!"

मांडव माझ्या नावावर, म्हणजे नवरी मीच. गावाला चार तारखेपासून माहीत आहे. मला विचारायचं तेवढं राहून गेलं. सेनो भला आहे. मांडवाच्या खांबांविषयी बोलतो. फक्त त्यांच्याविषयीच बोलतो.

नकार दिला तर मांडव जाणार आणि लास्त्रीचं लग्न बुडणार. होकार दिला तर मी बुडणार. दाराशी चपलाच चपला, बाहेर पडायला वाट नाही. बाबा म्हणाले, "काही मानत नाही असं तूच सांगून आलीस ना? आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

संकल्प : उद्या सुचेल.

१२ जून
सुचलं! पाक हार्जोंकडे जाऊन मान खाली घातली. म्हटलं, जुळणी करून पाहिली, वागे-पाहिंग लग्नात घरातलं वडीलधारं माणूस जातं म्हणतात, माझं मन धजत नाही. त्यांनी लगेच मान डोलावली. कुणाला राग नाही, रुसवा नाही. बाईंनी तर पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "शहाणी झालीस." मांडव आता लास्त्रीचा, त्याच भाड्यात.

याला तत्त्व सोडणं म्हणत नाहीत. धोरण म्हणतात.

१३ जून
लास्त्री कारखान्यातून तडक आली. बसली नाही. गावभर झालं होतं. म्हणाली, "तुझ्या लग्नाला साधा वार आडवा येतो आणि माझ्या लग्नाला अख्खा सुरो चालतो? तुझे आईबाप जपायचे, आणि माझी आजी गेली तर चालेल, होय गं?"

मी धोरण समजावू लागले. म्हणाली, "मला स्लाइड दाखवू नकोस."

लग्न पंधराला आहे. सुरो लागायच्या आत, नोंदणी कार्यालयात. तिथे कचेरीच्या वेळेत फी लागत नाही. यूधानं कागद मागच्याच महिन्यात देऊन ठेवले होते. दुसरी योजना माझ्याकडे असायला हवी होती. तिच्याकडे होती. जाताना म्हणाली, "जमलं तर ये."

१५ जून
लग्न झालं. दहा माणसं. अजून बेसार आहे म्हणून बू कार्सिहनी पाएस रेखली, पैसे न घेता. मधलं पान सरळ. अंगात आजीची केबाया, बाहीला रफू. आजी पहिल्या खुर्चीत, डोळे टक्क उघडे. लास्त्री इतकी सुंदर दिसत होती, की पुढच्या जोडप्याचे पाहुणेही आमच्या फोटोत घुसले. यात माझं काहीही नव्हतं. मी उजवीकडून शेवटची, अर्धी आले आहे.

घरी गेले नाही. थेट पाक हार्जोंकडे. सांगितलं, वाराचं खोटं होतं. मी आजही काही मानत नाही. सेनोशी लग्न करायचं नाही, एवढंच खरं, आणि ते सांगायला भ्याले.

मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर मोकळं वाटेल.

पाक हार्जो आतल्या दाराकडे बघून हळूच म्हणाले, "वारावरच राहू द्यायचं होतंस, पोरी. आत सेनो ऐकतोय."

बुकिंगची वही समोरच होती. पाच जुलैसमोर अजूनही माझंच नाव होतं. ते मी माझ्याच हातानं खोडलं आणि निघून आले.