शिंकेचे बारा रुपये

सांगली, माघ वद्य पंचमी

चि. सौ. साळूबाईस राहीवन्संचे पोटभर आशीर्वाद. रहिमतपूरला सगळी खुशाल असाल. मुलांचा खोकला गेला का? माझा धाकटा भाऊ, म्हणजे तुझे मालक, पलटणीतून रजेवर कधी येतात तेही कळव. माझ्या प्रकृतीचं मात्र विचारू नकोस. तीच हकीकत लिहायला बसले आहे, आणि रागाने बसले आहे.

आमचा हळदीचा व्यापार तुला ठाऊकच आहे. पुढच्या खोलीत पोती, मागच्या खोलीत पोती, मधे आम्ही. यंदा मला शिंका लागल्या त्या थांबेनात. डॉक्टर म्हणाले, हळदीची धूळ तुम्हाला सोसत नाही, नवी विलायती गोळी निघाली आहे ती घ्या. बाटलीचे बारा रुपये! घरी सांगितलं तर आमचे मालक खवळले. "हळद सोसंना? हळदीच्या व्यापाऱ्याच्या बायकूला? भाईर बोलू नगंस, भाव पडंल!" सासूबाईंनी लगेच घरचा उपाय केला, दुधात हळद घालून दिली. (प्याले. जास्तच शिंकले.)

मग आठवलं, मालकांनी आम्हा दोघांचा विमा उतरवला आहे. विमावाल्याला घरी बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, "आवं वैनी, विमा माणूस गेल्यावर मिळतोय. शिंकल्यावर न्हाई." म्हणजे मेले तर कंपनी पैसे देणार, आणि जगायचं म्हटलं तर पदरचे! अशा धंद्याला काय म्हणावं?

तरीही मी सोसलं असतं. पण फाल्गुनात आपल्या मनूचं लग्न. सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवलं आहे, "ऐन हळदीला आई शिंकली म्हंजी अपशकुन. तू आत बस, थोरली जाऊ लावंल हळद." नऊ महिने पोटात मी वागवली, आणि हळद लावणार जाऊ!

म्हणून मी साताऱ्याला गेले, फौजी दवाखान्यात. तिथे शिपायाच्या बायकोला औषध फुकट, बहिणीला नाही. (बहिणीने वाढवायचा, आणि पलटणीत गेला की बहीण परकी. हा कायदा कुठल्या एकुलत्या एकाने केला असेल?) तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. रागावू नकोस. तू दिलेलं लुगडंही नेसले होते. खिडकीशी एक मिशाळ हवालदार लिहायला बसला होता. त्याने विचारलं, "मालकाचं नाव?" मी ताडकन म्हणाले, "हंबीरराव ज्योतिबा!"

त्याने टाक खाली ठेवला. "बाई, मालकाचं नाव इचारलं की बायका पदर चावत्यात, भिंतीकडं बघत्यात, शेजारणीला सांगाया लावत्यात. तुमी तर पोराला जेवाय हाक मारल्यागत घेतलं. कोण तुमी त्येंच्या?"

"थोरली बहीण," माझ्या तोंडून निघूनच गेलं. अगं, ज्याला कडेवर घेऊन फिरले, ज्याचा शेंबूड पुसला, त्याच्या नावाला लाजायचं तरी कसं? रांगेतल्या बायका पोट धरून हसल्या. एक म्हणाली, "वन्सं, उखाणा तरी घ्यायचा हुता!" मी एक शिंक दिली आणि तशीच बाहेर पडले. सरकारने माझं तेवढं तरी ऐकलं असेल.

तुझी संतापलेली वन्सं,
राही

ता.क. आता तूच साताऱ्याला जा. सोबत तपकिरीची पुडी पाठवते आहे. डॉक्टरसमोर चिमूटभर ओढ, म्हणजे गोळ्या मिळतील. घरी उघडून बघू नकोस.

आणखी एक ता.क. सकाळी राग उतरल्यावर लिहिते. पुडी तपकीर ओढणाऱ्या कुणाला तरी देऊन टाक. माझ्यापायी तू खोटं बोललेलं मला आवडणार नाही. त्यापेक्षा लग्नाला दोन दिवस आधी ये, आणि मनूला पहिली हळद तूच लाव. मामीचा मान आहे, सासूबाईंना काही बोलता येणार नाही. मी दाराआड नाकाला पदर लावून उभी राहीन. डोळ्यांना पाणी आलं तरी कुणी विचारायचं नाही. आमच्या घरात त्याला हळदच म्हणतात.