पुस्तिकेतील क्रमांक चौदाचे बटणवाले वगळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
पर्यटन व वारसा विभाग,
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला.

विषय : 'आपले जुने शहर : आवर्जून पाहावे असे काही' या पुस्तिकेतील अ. क्र. १४ ची नोंद काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) आपली खुलासा मागणारी नोटीस, दि. ४ जून.
२) अर्जदाराचे मार्च व एप्रिलमधील दोन अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही मनोऱ्यामागच्या गल्लीतील बटणांच्या दुकानाच्या मालकांची पत्नी आहे. आपल्या खिडकीवरील कारकुनांनी "अर्जात मी-मी करू नका, अर्जदार लिहा" असे बजावल्यामुळे तसे लिहिले आहे. दुकान आजेसासऱ्यांच्या वेळचे. रुंदी एका दाराची. आत भिंतभर लाकडी खण, आणि प्रत्येक खणावर आतल्या बटणाचा एक नमुना लावलेला.

सदर पुस्तिकेत मनोरा, दगडी पूल, जुना छापखाना वगैरे झाल्यावर चौदाव्या क्रमांकावर असे छापले आहे : "येथील बटणवाले आजोबांच्या हाती कोणतेही बटण द्या. ते न पाहता, नुसते बोटांनी चाचपून त्याचा जोड काढून देतात. सोमवार सोडून रोज, दहा ते सहा." मजकूर लिहिला तेव्हा खरा होता. आपल्या कार्यालयातून पाहणीला आलेल्या बाईंनी त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून परीक्षा घेतली होती. सहापैकी सहा. त्या संध्याकाळी मालकांनी ही हकीकत घरी दोनदा सांगितली, आणि जेवताना तिसऱ्यांदा.

ते ११ जानेवारी रोजी दुपारी दुकानातच, खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. पुस्तिका फेब्रुवारीत वाटली गेली. मुलगी परगावाहून आली, पंधरा दिवस राहिली, तिला रजा नव्हती. त्यानंतर अर्जदार दुकान उघडते, कारण घरी बसून करायचे काय.

पर्यटक रोज येतात. सुरुवातीला अर्जदार त्यांना सरळ सांगत असे. काही जण हळहळतात, काही खुर्चीचा फोटो काढतात. एका बाईंनी विचारले, "मग आता कोण करतं ते?" यात त्यांचा दोष नाही, लांबून येतात बिचारे. परंतु पुस्तिका वाचून बरेच जण दारातच स्वतःच्या सदऱ्याचे बटण तोडतात आणि हातात धरून आत येतात. अर्जदाराला चाचपून जोड काढता येत नाही. एकेका खणावरचा नमुना ताडून पाहावा लागतो. माणसाला उघड्या छातीने परत पाठवणे बरे दिसत नाही, म्हणून तेच बटण ती पुन्हा शिवून देते. काळा दोरा आणि पांढरा दोरा ओवलेल्या दोन सुया आता हाताशीच असतात. शिवताना माणसे ताठ उभी राहतात. बटण गळ्याजवळचे असले की मान वर करतात.

मार्चमध्ये अर्जदार कार्यालयात आली असता, ज्यांची नोंद आहे त्यांनीच समक्ष येऊन सही करायला हवी, असे सांगण्यात आले. ते वारले, असे म्हटल्यावर कारकून म्हणाले, "मग त्यांचं संमतीपत्र आणा, बाई." मृत्यूच्या दाखल्याची प्रत दिली, तर तिच्यावर 'मूळ व्यक्तीची सही नाही' असा शेरा मारून परत केली. एप्रिलमध्येही तसेच झाले. आता आपल्या नोटिशीत, एका पर्यटकाच्या तक्रारीवरून, बटणवाले नमूद वेळेत जागेवर का आढळले नाहीत याचा सात दिवसांत खुलासा मागितला आहे. खुलासा असा की, ते आढळले नाहीत हे खरे आहे. यापुढेही आढळणार नाहीत.

तथापि हा अर्ज नोटिशीमुळे केलेला नाही. गेल्या गुरुवारी साडेबाराच्या सुमारास एक वयस्क गृहस्थ कागदाच्या पुडीत बटण घेऊन आले. म्हणाले, "आहेत का आजोबा?" अर्जदार म्हणाली, "जेवायला गेलेत. येतील एवढ्यात." असे का म्हटले, ते सांगता येत नाही. गृहस्थ म्हणाले, "थांबतो मग," आणि स्टुलावर बसले. अर्जदाराने त्यांना पाणी दिले. गल्लीत चपला वाजल्या की ते दाराकडे बघत, आणि अर्जदारही बघे. चार वाजता ते उठले. "आज उशीर झालेला दिसतो त्यांना. निरोप सांगा," म्हणाले. अर्जदार म्हणाली, "सांगते."

त्या साडेतीन तासांत अर्जदाराला जानेवारीनंतर प्रथमच बरे वाटले. ही गोष्ट चांगली नाही, हे तिला कळते. उद्याही कोणी विचारले तर ती तेच सांगेल, आणि परवाही.

तरी, क्रमांक चौदा वगळण्याचा हुकूम व्हावा. नवी आवृत्ती तीन वर्षांनी निघणार असल्याचे समजले. तोवर कोठीत शिल्लक असलेल्या प्रतींतील त्या तीन ओळींवर रेघ मारायला अर्जदार स्वतः येण्यास तयार आहे. पेन घरून आणील. कोणत्याही सोमवारी बोलवावे.

आपली नम्र,
(सही)
बटणवाल्यांची पत्नी
दि. १० जून

सोबत : पुस्तिकेचे पान ९, नोटिशीची प्रत, मृत्यूच्या दाखल्याची प्रत (तिसरी).