शेवटच्या पाणकणसापासून तीस मीटर

ता. ४ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

फोनवर तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू रागावून बोलतेस, म्हणून हे पत्र. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईला आता बराच उतार आहे. उजवा हात हलतो, परिचारिकेपाशी माझ्या चहाड्या करण्याइतकं बोलणंही आलंय. पण डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. आपलं तर झोपणं, अंघोळ, सगळंच वर. खालचं सलून मी म्हातारपणाचा विचार न करता चष्मेवाल्याला विकून मोकळा झालो. जन्मभर लोकांच्या डोक्यांत हात, स्वतःच्या डोक्यात मात्र उजेड नाही.

तेव्हा मागच्या अंगणात एक खोली आणि तिला लागून मोरी-संडास बांधावा म्हणतो. गवंडी तयार आहे. मागे दलदल आहे म्हणून परवानगी तुझ्याच कचेरीतून लागते म्हणे. वशिला नको, फक्त अर्ज कुणाकडे द्यायचा ते कळव. आई शुश्रूषागृहात रोज विचारते, घरी कधी नेताय. मला ओळखते, पण मधूनच काहीबाही पुसलं जातं. परिचारिकेनं घर कुठे विचारलं तर गल्ली आठवेना. म्हणाली, ज्याच्या मागच्या दाराशी पाणकणसं डुलतात ते.

जेवणाची आबाळ करू नकोस. माझ्यावर आहे तेवढी माया पुरे, जास्तीची आईसाठी राख.

बाबा


ता. ११ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि दुपारभर काम सुचलं नाही. अर्ज माझ्याच विभागात येतो. घरचं प्रकरण म्हणून मी त्यातून बाजूला झाले. मोजणीला माझा सहकारी येईल. पण निकाल मला आजच माहीत आहे. दलदलीच्या काठापासून तीस मीटरच्या आत नवी भिंत उभारता येत नाही, आणि काठ म्हणजे शेवटचं पाणकणीस उभं असेल ती जागा. हे कलम मीच लिहिलंय. पाणी मागेपुढे होतं, पाणकणसं खोटं बोलत नाहीत, असं मी बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. सांगताना डोळ्यांपुढे आपलंच अंगण होतं.

गल्लीतले सगळे दरवर्षी कापत आले. तुम्ही मात्र सगळ्यांची डोकी भादरलीत आणि पाणकणसांना कात्री लावली नाहीत. म्हणून त्यांचा काठ लांब, आणि आपला थेट मागच्या दाराशी.

बाबा, पुढचं वाचून मुलगी अशी कशी निघाली असं वाटेल तुम्हाला. स्वतःच्या अंगणातली पाणकणसं कापायला नियमात मनाई नाही. ते लिहायचं आमच्याकडून राहून गेलं. मोजणी महिनाअखेरीला आहे आणि त्या दिवशी जे उभं असेल तेवढंच मोजतात. मला आई घरी हवी आहे.

राग आला तर खुशाल धरा, पण पत्र बंद करू नका.

आपली,
ठकू


ता. २ एप्रिल

चि. ठकूस,
अ. आ.

परवानगी मिळाली. तुझा सहकारी भला माणूस. फीत धरून चिखलात उतरला, बूट भरले तरी कुरकुरला नाही. आधी इथे काय होतं, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

कात्रीनं काम होईना, म्हणून कोयता आणला. दोन पाणकोंबड्या सारख्या ओरडत होत्या, त्यांच्याकडे न बघता कापत गेलो. गिऱ्हाइकाची मान धरून मी म्हणायचो, हलू नका. इथे तसं सांगावंच लागलं नाही. काम संपल्यावर हात धुतले आणि मोरीतच बसून रडलो. तुझ्यावर राग नाही गं. बायको घरी यायची असेल तर मी अख्खी दलदल भादरली असती. आईला अजून काही सांगितलेलं नाही, उगीच जिवाला घोर नको.

तू स्वतःला बोल लावत बसू नकोस, ते काम मी करतोय.

बाबा


ता. २५ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आई घरी आली हे कळलं आणि कचेरीत तोंड लपवून रडले, आनंदानं. खोली कशी झाली, ती काय म्हणाली, सगळं सविस्तर लिहा. फोनवर तुम्ही नुसतं बरं आहे, बरं आहे म्हणता.

इकडचं म्हणाल तर दलदलीच्या पलीकडच्या काठालाही कोयते निघालेत. आधी कापा, मग मोजायला बोलवा, असं सगळ्यांनाच कळलंय. साहेब म्हणतात, या चोरवाटेवर तूच नवं कलम लिही, तुझ्याइतकं कुणाला कळणार. बाबा, कोणत्या तोंडानं लिहू? तिकडे आता काही उरेलसं वाटत नाही. पण आई घरी आहे, एवढ्यावर मी दिवस काढते.

सुटी मिळताच येते. तोवर दोघांचा आशीर्वाद असू द्या.

आपली,
ठकू


ता. ९ जून

चि. ठकूस,
अ. आ.

लिहायचं टाळत होतो. खोली छान झाली आहे. उजेड येतो, दार रुंद आहे, चाकाची खुर्ची आरामात फिरते. आल्या दिवशी आईनं त्या दारातून बराच वेळ बाहेर बघितलं. समोर नुसता चिखल आणि खुंट. मग विचारलं, हे घर कुणाचं.

मी तिची उशी दाखवली, तिचा आरसा दाखवला, चष्मेवाल्यालाही बोलावून आणलं. सगळ्याला हो म्हणाली. म्हणाली, आमच्याकडेही असंच आहे, पण आमच्या दाराशी पाणकणसं आहेत. मी कापलेल्यांची मुळं चिखलात आहेत, पुन्हा फुटतील. पण तेवढे दिवस तिच्याकडे आहेत का विचारलं, तर डॉक्टर विषय बदलतात.

शुश्रूषागृहात मला बघून पदर सावरायची. इथे मी घरमालक झालोय. मला भाऊ म्हणते. जेवण फार चांगलं होतं म्हणते, संकोचानं अर्धंच जेवते. तू लवकर ये, तुला कदाचित ओळखेल.

काल दूध घेऊन गेलो तर माझा हात धरला. म्हणाली, भाऊ, तुमचे फार उपकार झाले, पण आता मला घरी सोडा. आमचे हे एकटे आहेत, वाट बघत असतील.

मी म्हटलं, हो, बघत आहेत.

लोभ असू दे.

बाबा